जस्ताशेजारचे पान

एका राज्यात वर्षातून एकदा अशी पंगत बसत असे, की जिच्यात माणूस एकही नसे. पाहुणे येत ते सृष्टीचे मूळ सरदार. ज्यांच्यापासून माती झाली, पाणी झाले, भांडी झाली आणि ती भांडी घासणारे हातही झाले. लोखंड येई, तांबे येई, गंधक येई, पारा घरंगळत येई. बाकीच्यांची नावे त्या राज्याच्या बोलीत वेगळी होती. ती बोली राज्याबरोबर गेली, म्हणून मी त्यांना आजच्या नावांनी हाक मारतो. त्यांची हरकत नसावी.

पंगत मोठी नियमाची. हलका आधी, जड मागून. पहिल्या ओळीत पाने दोनच, हायड्रोजनचे आणि हेलियमचे. दुसऱ्या ओळीत आठ, तिसरीत आठ, चौथीत मात्र एकदम अठरा, कारण तिथे लोखंड, तांबे, जस्त अशी दहा धिप्पाड मंडळी जास्तीची मधे बसत. प्रत्येकाने येताना आपले दिवे आणायचे आणि पानापुढे मांडायचे. कुणाचा एक, कुणाचे तीन, कुणाचे सात. आणि नवल असे, की ओळी नीट लागल्या म्हणजे एकामागे एक बसलेल्यांचे दिवे सारखे निघत आणि स्वभावही सारखे निघत. एका कडेला एकेका दिव्याची तापट मंडळी, पाण्याचा शिंतोडा उडाला तरी भडकणारी. दुसऱ्या कडेला सात-सात दिव्यांची, आठव्यासाठी जीव टाकणारी. आणि अगदी कडेला निऑन, आरगॉन वगैरे, पुरे आठ घेऊन आलेली. त्यांना कुणाचे काही नको आणि कुणाशी बोलणेही नको. हेलियम त्यांच्यातच मोडे. पहिल्या ओळीत दोन दिवे म्हणजे भरले घर.

बाकीच्यांचा सारा जीव त्या आठ दिव्यांत. म्हणून जेवता जेवता कुणी दिवा देई, कुणी घेई, कुणी दोघांत मिळून ठेवी. लोखंड-तांब्यासारखी मंडळी तर आपापले दिवे सगळ्यांच्या मधे ओतून मोकळी होत. कोणता कुणाचा, ते पुन्हा विचारायचे नाही. अशा सोयरिकी जमल्या, की वर्षभर मीठ मीठ राही आणि पाणी पाणी राही. लोकांना याची खबरबात नव्हती. त्यांना वाटे, पाणी आपले आपण ओले असते.

या पंगतीची पाने मांडण्याचे काम सगुणाबाईकडे होते. आधी ते तिच्या सासूकडे होते. सासूने पहिल्याच वर्षी तिला सांगितले होते, "चौथ्या ओळीत जस्त बसलं, की त्याच्या शेजारी एक पान रिकामं मांडायचं. तिथला पाहुणा अजून आलेला नाही."

"कोण आहे तो?"

"नाव ठाऊक नाही. जागा ठाऊक आहे."

सगुणाने वीस वर्षे ते पान मांडले आणि पंगत उठल्यावर तसेच कोरे उचलले. तिचा नवरा नरहरी राजाच्या मुदपाकखान्यात आचारी होता. बोलायचा कमी, चाखायचा फार. पंगतीच्या दिवशी दोघांना दिवसभर एकमेकांचे तोंड दिसत नसे. संध्याकाळी तो तिच्यासाठी झाकून ठेवलेले वरण घेऊन येई आणि विचारी, "मीठ बरोबर आहे ना?" मीठ नेहमीच बरोबर असे. तरी तो विचारी, आणि त्याने विचारले नसते तर तिला चुकल्यासारखे झाले असते.

राजा जयध्वज गादीवर आला त्या वर्षीची गोष्ट. त्याची पहिलीच पंगत. सरदार बसले, दिवे लागले, आणि राजा पाहणी करत चौथ्या ओळीपाशी आला.

"सगुणाबाई, हे पान रिकामं का?"

"महाराज, तिथला पाहुणा यायचा आहे."

"कधीपासून यायचा आहे?"

"माझ्या सासूबाईंच्या आधीपासून."

राजा हसला. वाईट नव्हता बिचारा, पण वयाने लहान आणि मुकुट डोक्याला अजून सैल. "माझ्या पंगतीत रिकामं पान दिसलं तर लोक काय म्हणतील? राजाला पाहुणे मिळत नाहीत म्हणतील. उचला ते. आणि मंडळी, जरा सरकून घ्या!"

सगुणाने पान उचलले. बोलावे असे तिच्या मनात आले होते. पण राजापुढे तोंड उघडायचे म्हणजे नसती कटकट, आणि तिकडे वरण निवत होते. तिने पान दुमडून कमरेला खोचले आणि वाढायला लागली.

इकडे मंडळी सरकली. जस्ताच्या शेजारी चार दिव्यांचा जर्मेनियम आला, तो तीन दिव्यांच्या अॅल्युमिनियमच्या मागे बसला आणि दोघे एकमेकांकडे बघत राहिले. पाच दिव्यांचा सोमल चार दिव्यांच्या मंडळींत ढकलला गेला. क्रिप्टॉनसारखा अबोल गृहस्थ क्लोरीनबाईंच्या मागे, हावरट मंडळींत जाऊन पडला. पुढच्या ओळीचा भडक डोक्याचा रुबिडियम तर त्या आठ दिव्यांच्या शांत लोकांत घुसला आणि सगळ्यांनी पाने जरा आपल्याकडे ओढून घेतली. एक पान हलवले आणि मागची सारी पंगत चुकली.

आणि नेमका त्याच वर्षी तो आला. दारात एक ठेंगणा, रुपेरी पाहुणा उभा राहिला. हातात तीन दिवे. लाजत लाजत तो चौथ्या ओळीने चालत गेला, लोखंडापाशी गेला, तांब्यापाशी गेला, जस्तापाशी येऊन थांबला. त्याच्या जागेवर दुसराच कुणी जेवत होता. कुणी उठले नाही. कुणी 'या' म्हटले नाही. सगुणाने त्याला पाहिले आणि तिच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली.

पाहुणा म्हणाला, "ज्या पंगतीत माझी जागा राखली नाही, त्या पंगतीतलं कुणीच कुणाला धरून राहणार नाही."

एवढे बोलून तो आल्या वाटेने निघून गेला.

पहिल्यांदा मीठ तुटले. नरहरी मिठाच्या बरणीत हात घालत होता, तोच बरणीतून पिवळट हिरवा धूर उसळला आणि त्याच्या नाकातोंडात गेला. तळाशी उरले ते पेटले. त्याला बाहेर ओढून काढले तेव्हा छाती भात्यासारखी वाजत होती. राजवैद्य आले, त्यांनी खलात औषध घोटले, आणि खलातल्या खलात ते सुटे होऊन उडून गेले.

"सगुणाबाई," वैद्य म्हणाले, "हा सात दिवस काढील. सातव्या दिवशी सूर्य बुडायच्या आत औषध औषध राहिलं, तर वाचेल."

दुसऱ्या दिवशी लोखंडी पळीचा हातातल्या हातात भुगा झाला. तिसऱ्या दिवशी विहिरी उकळ्या फुटल्यासारख्या बुडबुडू लागल्या. पाणी दर प्रहरी वीतभर खाली जाई, आणि जवळ विस्तव नेला तर विहिरीच्या तोंडाशी भडका होई. सरदारांची पांगापांग झाली होती. राजा दरबारात बसून विचारी, चूक कुणाची? आणि सगळे मानकरी आपापल्या पायांतल्या जोड्यांकडे बघत.

सगुणा नवऱ्याच्या उशाशी बसून मनाशी एकच गोष्ट घोकत होती. हुकूम महाराजांचा होता. हुकूम महाराजांचा होता. घोकून घोकून ती गोष्ट गुळगुळीत झाली, पण गळ्याखाली काही उतरेना.

खिडकीपाशी शेवग्यावर एक भारद्वाज येऊन बसला. तो बोलत असे, यात त्या राज्यात कुणाला विशेष वाटत नसे.

"सगुणाबाई, मी तुमच्या पाहुण्याला जाताना पाहिलं."

"कुठं गेला?"

"विलगनाथाच्या डोंगरावर. शाप त्याचा आहे, मागे घेईल तोच."

"आणि तो सापडला तर ओळखू कसा? मी त्याला क्षणभरच पाहिलं."

"पान बरोबर घ्या," भारद्वाज म्हणाला आणि उडाला.

सगुणाने कमरेचे पान चाचपले. तीन दिवसांत ते सुकलेही नव्हते. नरहरीच्या कपाळावर हात ठेवून ती म्हणाली, "अहो, मी येते." त्याने डोळे उघडले, काही बोलायचा प्रयत्न केला आणि खोकत राहिला. ती निघाली.

विलगनाथ मांत्रिक डोंगरातल्या गुहेत राहत असे. त्याला भेसळीचा तिटकारा. दोन वस्तू एकत्र दिसल्या की त्याच्या अंगावर काटा येई. शाप उच्चारला गेला तेव्हा हा घरात बसून हरखला होता. पांगलेल्या सरदारांना त्याने मंत्राने ओढून आणले होते आणि एकेकाला वेगवेगळ्या रांजणात, बरणीत, पिशवीत भरून, वर चिठ्ठ्या लावून ओळीने मांडले होते. थंडगार गुहा, आणि कुठे हूं की चूं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी सगुणा दारात उभी राहिली.

"काय हवं?" विलगनाथाने विचारले.

"आमचा पाहुणा."

"तीन कामं कर. जमलं तर सगळे रांजण, सगळ्या बरण्या उघडीन. न जमलं तर तुलाही सुटी करून भरून ठेवीन. एकटं असतं तेच शुद्ध असतं, बाई."

"कामं सांगा," सगुणा म्हणाली. वाद घालायला तिच्याकडे दोनच दिवस होते.

पहिले काम. एका रांजणात सोडियमबाई गळ्यापर्यंत तेलात बसल्या होत्या, कारण हवेचा दमटपणासुद्धा त्यांना सोसत नसे. पलीकडे काचेच्या बरणीत क्लोरीनबाई, पोपटी-पिवळ्या लुगड्यात, नुसत्या श्वासाने माणूस गुदमरेल अशा. सोडियमबाईंपाशी एकच दिवा आणि तोही त्यांना नकोसा. क्लोरीनबाईंपाशी सात, आणि आठव्याची जागा रिकामी.

"यांचं मीठ कर," विलगनाथ म्हणाला. "दोघींपैकी कुणी ऐकेल तर."

सगुणा क्लोरीनबाईंकडे वळली. "बाई, यांच्याकडून दिवा मागून घ्या."

"मी? मागू? या तेलकट बाईकडून?"

"आणि न मागता द्यायला माझा दिवा काय वाटेवर पडलाय?" सोडियमबाई रांजणातून कडाडल्या.

सगुणाच्या ध्यानात आले, की इथे प्रश्न दिव्याचा नाही, मानाचा आहे. मान कसा राखायचा, हे तिला राजापेक्षा जास्त कळत होते. तिने कुंकवाचा करंडा काढला, दोघींना बोट लावले आणि म्हणाली, "सोडियमबाई, हे हळदीकुंकू समजा. दिवा वाण म्हणून द्या. वाण कुणी मागत नाही, आणि पुढं आलं तर कुणी नाकारतही नाही."

मग सोडियमबाईंनी दिवा पुढे केला, क्लोरीनबाईंनी पदर पसरला. तो एक दिवा जाताच सोडियमबाईंच्या मागे झाकलेले आठ दिवे दिसू लागले. त्यांचे त्यांनाच ठाऊक नव्हते. त्यांचा सारा ताप उतरला. क्लोरीनबाईंची धाप थांबली. आणि देणारीची घेणारीकडे अशी ओढ लागली, की दोघी हात सोडीनात. जमिनीवर पांढरे चौकोनी कण पसरले. सगुणाने एक चिमूट पदराला बांधली.

दुसरे काम. ऑक्सिजन, राजवाड्यातल्या दारोग्यासारखा रुबाबदार, सहा दिव्यांचा, त्याला दोन हवे. आणि हायड्रोजन दोघे भाऊ, एकाच पानाचे मानकरी, हलकेफुलके, एकेका दिव्याचे. त्यांना एकेकच हवा, दोनात त्यांचे घर भरे.

"तुम्ही वाण द्या," सगुणा भावांना म्हणाली.

"आमच्यापाशी एकच," थोरला म्हणाला. "तो दिला तर अंधारात बसायचं का?"

"मी तर देणार नाहीच," ऑक्सिजन म्हणाला.

इथे वाण चालणार नव्हते. सगुणाने तिघांचे दिवे पुन्हा मोजले. तिला नरहरी आठवला. घरात समई एकच होती. तो तिच्या उजेडात डाळ निवडे, ती त्याच उजेडात पाने पुसे. उजेड कुणाचा, असा प्रश्न वीस वर्षांत पडला नव्हता. तिचे डोळे भरून आले, पण ते पुसायला वेळ नव्हता.

"कुणी कुणाला देऊ नका," ती म्हणाली. "ऑक्सिजनराव, तुमचा एक दिवा आणि धाकट्याचा एक, असे दोन्ही तुमच्या दोघांच्या मधे ठेवा. तसेच थोरल्याच्या आणि तुमच्या मधे. आता आपापल्या बाजूनं मोजा."

ऑक्सिजनने मोजले. आठ. भावांनी मोजले. दोन आणि दोन. सगळ्यांचे भरले आणि कुणाचेच गेले नाही. दोघे भाऊ त्याच्या दोन बाजूंना जरा तिरके होऊन बसले. ऑक्सिजनने मधले दिवे हळूच किंचित आपल्याकडे ओढले. सगुणाने पाहून न पाहिल्यासारखे केले. घराघरांत एवढे चालतेच. दगडाच्या खोलगट भागात पाणी साचू लागले.

विलगनाथ पुढे आला, वाकून ओंजळभर पाणी प्याला, मग आणखी एक ओंजळ प्याला. त्याचाही माठ तीन दिवस कोरडा होता. "हं," तो तोंड पुसत म्हणाला. "तिसरं काम."

त्याने एका फळीवरचे कापड ओढले. फळीवर शंभर रुपेरी गोळे, सगळे एका मापाचे, एक सोडून बाकी मंत्राने घडवलेले. दिवे काढून घेतलेले.

"यांत तुझा पाहुणा आहे. हातात घ्यायला मुभा आहे. पण 'हाच' असं एकदाच म्हणायचं."

सगुणाने कमरेचे पान काढून जमिनीवर मांडले. त्याच्या बाजूला बसली आणि डोळे मिटून पंगत आठवू लागली. माणूस ठाऊक नसला, तरी जागा ठाऊक होती. डावीकडे जस्त. समोरच्या ओळीत, बरोबर पुढ्यात, अॅल्युमिनियम, हलका, रुपेरी, तीन दिव्यांचा. मागच्या ओळीत इंडियम, तोही तीन दिव्यांचा, रुपेरी, जड, आणि इतका मऊ की नखाने ओरखडा उठावा. मग या दोघांच्या मधे बसणारा कसा असेल? पुढच्याहून जड, मागच्याहून हलका. रुपेरी, आणि हाताला मऊ.

ती उठली. एकेक गोळा उचलून पारखू लागली. जो अॅल्युमिनियमसारखा हलका तो बाजूला. जो इंडियमहून जड तो बाजूला. ज्यावर नख चालेना तो बाजूला. ऊन दारातून आत आले आणि परत गेले. शेवटी फळीवर तीन गोळे उरले, तिन्ही सारख्या वजनाचे, तिन्ही सारखे मऊ. आता काही सुचेना.

तिने पहिला उचलला आणि मुठीत धरला. त्याला काय विचारायचे? ती म्हणाली, "पाहुणे, हुकूम महाराजांचा होता." गोळा थंड राहिला. तिने तो खाली ठेवला, दुसरा उचलला आणि पुन्हा तेच म्हणाली. तोही थंड.

तिसरा तिने तळहातावर घेतला. तेच वाक्य ओठांवर आले आणि तिथेच थांबले. चार दिवस जे गळ्याखाली उतरत नव्हते, ते तिला एकदम कळले.

"हुकूम महाराजांचा होता," ती म्हणाली, "पण हात माझे होते. तुमची जागा मला ठाऊक होती. महाराजांना ठाऊक नव्हती. मला बोलायचा कंटाळा आला, म्हणून मी पान उचललं. चूक माझी आहे. घरी माझा माणूस मरणाच्या दारात आहे, पण तो नसता तरी मी हेच सांगायला आले असते. आता चला. पान मांडून ठेवलंय."

तळहातावर काहीतरी ओले लागले. तिने पाहिले. गोळ्याच्या कडा गोल झाल्या होत्या, मग तो बसका झाला, मग तिच्या ओंजळीत चकचकीत थेंब होऊन डुलू लागला. विस्तव नाही, मंत्र नाही. नुसत्या हाताच्या उबेने तो वितळला. आज त्याला गॅलियम म्हणतात, आणि गॅलियमचा स्वभावच तसा. रुसला तर धातूसारखा रुसेल, आणि कुणी हात धरला तर क्षणात पाणी. पण वर्षानुवर्षे कुणी त्याला हातात घेतलेच नव्हते, त्याचे त्याला तरी कसे कळावे?

"हाच," सगुणा म्हणाली.

विलगनाथाने बरण्या उघडल्या आणि पाहुण्याचे तीन दिवे परत केले.

सातव्या दिवशी ऊन कलताना सारे सरदार राजवाड्यात शिरले. राजा जयध्वज वेशीपर्यंत सामोरा आला होता, अनवाणी. त्याने ओंजळीतल्या पाहुण्याला लवून मुजरा केला. मग सगुणाने जर्मेनियमला हळूच पुढे सरकायला सांगितले, त्याने सोमलाला सांगितले, सोमलाने पुढच्याला, आणि मागची सारी पंगत एकेक जागा सरकत आपल्या ठिकाणी गेली. रुबिडियम निघून गेल्यावर शांत मंडळींनी पाने पुन्हा सरळ केली. जस्ताच्या शेजारी कोरे पान मांडले गेले. गॅलियम बसला, त्याने तीन दिवे लावले. ते समोरच्या तीन दिव्यांच्या सरळ रेषेत आले.

सगुणाने पदराची गाठ सोडली आणि त्या पानावर पहिली चिमूट मीठ वाढले. मीठ राहिले. धूर नाही, भडका नाही. पाहुण्याने ते बोटाने चाखले आणि म्हणाला, "शाप मागे घेतला."

विहिरी शांत झाल्या. वैद्यांच्या खलातले औषध खलात राहिले आणि नरहरीच्या घशाखाली उतरले. सगुणा वाढायचे टाकून पळत सुटली आणि मुदपाकखान्याच्या दारात थबकली. नरहरी भिंतीला टेकून, वैद्यांचा हात झटकून, पातेल्याशी उभा होता. आवाज घोगरा, चेहरा पांढरा.

"सगुणे, हे वरण कुणी केलं? मीठच नाही यात!"

तिने पदरातली उरलेली चिमूट पातेल्यात टाकली. त्याने ढवळले, चाखले, आणि पळी तिच्यापुढे धरली.

"आता बघ. बरोबर आहे ना?"

मीठ जरा जास्त झाले होते. डोळ्यांतले की पदरातले, कोण जाणे. "बरोबर आहे," सगुणा म्हणाली.

पुढच्या वर्षी राजा पाहणीला आला तेव्हा पंगतीत दोन पाने रिकामी होती, पार मागच्या ओळींत. सगुणाने वर्षभर दिवे मोजून त्या जागा काढल्या होत्या. राजा थांबला. सवयीने त्याचे तोंड उघडले, आणि त्याने ते मिटले.

"कुणाची आहेत?"

"नाव ठाऊक नाही, महाराज. जागा ठाऊक आहे."

राजाने तिच्या हातातले मिठाचे वाडगे घेतले, खाली वाकला आणि दोन्ही कोऱ्या पानांवर आपल्या हाताने मीठ वाढले. मग पंगतीला म्हणाला, "मंडळी, सावकाश होऊ द्या." तिथे मीठ मीठ राहिले आणि पाणी पाणी राहिले, तुमच्या घरीही तसेच राहो.